कौशल्यातील दरी कशी जपावी

जीवविज्ञानाचे पदवीधर आणि औषधनिर्मितीचे कारखाने यांच्यामधील कौशल्याची दरी बुजवण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर प्रथम अभिनंदन. आता ती बुजणार नाही याची काळजी घ्या. दरी नाहीशी झाली, तर कंपनीला नवख्यांना नाकारण्यासाठी आणि विद्यापीठाला अभ्यासक्रम न बदलण्यासाठी दुसरे कारण शोधावे लागेल.

सुरुवात सामंजस्य करारापासून करावी. त्यात ‘परस्परपूरक सहकार्य’ सढळ हाताने पेरा. मात्र कोणत्या यंत्रावर किती विद्यार्थी किती तास काम करतील, हा तपशील कटाक्षाने टाळा, कारण आकडा लिहिला की त्याचा हिशेब मागणारा कोणीतरी निघतोच. पाठोपाठ कंपनीने मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे एक जुने एचपीएलसी यंत्र भेट द्यावे, ज्याचा कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) बाद झालेला, सॉफ्टवेअरचा परवाना संपलेला आणि देखभालीचा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात नसेल. विद्यापीठाने ते कुलपात ठेवून विद्यार्थ्यांकडून त्याची नामनिर्देशित आकृती काढून घ्यावी.

प्रात्यक्षिकाच्या जर्नलकडे विशेष लक्ष द्या, कारण दरी सर्वांत खोल तिथेच राखता येते. विद्यार्थ्याने वाचने चिटोऱ्यावर घ्यावीत, आलेखाबाहेर पडलेला बिंदू शेजाऱ्याचे पाहून रेषेवर आणावा, आठवड्याने सारे सुवाच्य अक्षरात उतरवून सही घ्यावी आणि खाडाखोड दिसल्यास त्याचे गुण कापावेत. हाच विद्यार्थी कारखान्यात गेला की त्याला सांगितले जाते की नोंद ज्याने काम केले त्यानेच, त्याच वेळी, मूळ कागदावर करायची. चुकल्यास जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी सही, तारीख आणि कारण लिहायचे. पदवीच्या काळात ज्याला टापटीप म्हणून गुण मिळाले, त्याला इथे नोंदींतील फेरफार म्हणतात. हे सुधारायला ना निधी लागतो ना करार, जर्नल तपासण्याची रीत तेवढी बदलावी लागते. तेव्हा हा विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर चुकूनही येऊ देऊ नका.

आकारमानाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. २५० मिलिलिटरच्या चंबूत पेशी नुसत्या हलवूनही वाढतात. २,००० लिटरच्या बायोरिअॅक्टरमध्ये, म्हणजे पेशी वाढवण्याच्या टाकीत, प्राणवायू पुरवण्यासाठी हवा वाढवली, तर फेस होतो आणि फुटणाऱ्या बुडबुड्यांनी पेशींना इजा होते. विद्यापीठाने हे एका परिच्छेदात उरकावे, आणि कंपनीने बॅच रेकॉर्डचा (उत्पादनाच्या प्रत्येक खेपेच्या नोंदपत्राचा) कोरा नमुनाही गोपनीय ठरवावा. प्रशिक्षणार्थी आलाच, तर त्याला लेबले चिकटवायला बसवावे.

भाषणात इतिहास सांगायचा झाल्यास पेनिसिलिनचा उल्लेख जपून करा. १९४१ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाचे संशोधक फ्लोरी आणि हीटली पेनिसिलिनचे उत्पादन वाढवण्यासाठी अमेरिकेला गेले. हीटली पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत आणि नंतर मर्क कंपनीत स्वतः काम करत राहिले. विद्यापीठाचा माणूस कंपनीत जाऊन बाह्या सरसावतो, ही गोष्ट तरुण प्राध्यापकांच्या कानावर न गेलेली बरी. डब्लिनमधील निबर्ट या जैवऔषधनिर्मितीच्या प्रशिक्षण संस्थेचे नावही टाळावे, कारण तिथे शिकणाऱ्यांसाठी खराखुरा प्रायोगिक जैवऔषध प्रकल्पच उभारला आहे, आणि मग आपल्या कुलूपबंद यंत्राची चौकशी सुरू होते.

तरीही एखादा सदस्य विचारेल की निर्जंतुक कक्षात उभी हयात घालवलेला तंत्रज्ञ विद्यार्थ्यांना सत्रभर शिकवायला का आणू नये. गडबडून जाऊ नका. विद्यापीठाने त्याच्याकडे पीएचडी नसल्याचे दाखवून द्यावे, कंपनीने उत्पादन थांबवून माणूस सोडता येत नाही असे कळवावे, आणि दोघांनी मिळून त्याला तासाभराच्या व्याख्यानासाठी बोलवावे. त्यातली पहिली वीस मिनिटे मान्यवरांच्या परिचयासाठी राखून ठेवावीत. हातमोजे कसे चढवायचे याचे प्रात्यक्षिक त्याने दाखवायला घेतलेच, तर पुढचा वर्ग याच सभागृहात असल्याची चिठ्ठी पाठवावी.