संचलन आणि चौकी

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या भायखळ्याच्या गल्लीतून शीघ्र कृती दलाचे संचलन गेले. निळ्या छटांचे गणवेश, हेल्मेटे, ढाली, काहींच्या खांद्यावर रायफली आणि मागून संथ गतीने येणाऱ्या गाड्या. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारांनी शटर अर्धे खाली ओढले आणि आमच्या बीटच्या हवालदारांना फोन लावला, "साहेब, कुठे काय झालं का?" पलीकडून उत्तर आले, "काही नाही शेठ, सणाचा बंदोबस्त आहे." शटर पुन्हा वर गेले. नागरिकांना विश्वास वाटावा म्हणून काढलेल्या संचलनाने माणसे धास्तावली आणि त्यांना धीर मिळाला तो फोनवरच्या ओळखीच्या आवाजातून, ही विसंगती तेव्हापासून मनातून जात नाही.

पोलिसांच्या हाती चांगली शस्त्रे असू नयेत, असे मी मुळीच म्हणत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांकडे जुन्या .३०३ रायफली होत्या, आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक अंगावर गोळ्या झेलत धरून ठेवली, तेव्हा त्यांच्याजवळ लाठीपलीकडे काही नव्हते. त्यानंतर राज्याने 'फोर्स वन' हे दहशतवाद्यांशी लढणारे कमांडो पथक उभारले, चिलखती वाहने घेतली. ते व्हायलाच हवे होते. माझा आक्षेप पुढच्या टप्प्याला आहे: दहा वर्षांत एखाद्या रात्री लागणारी साधने आणि त्यांच्यासोबत येणारा पवित्रा मोर्चा, मिरवणूक, झोपडपट्टीतली पाडापाडी अशा रोजच्या कामांत उतरतो तेव्हा काय होते?

याचे उत्तर अमेरिकेत पुष्कळसे मिळून गेले आहे. तिथे १९९७ पासून '१०३३' नावाच्या योजनेखाली लष्कराचे जादा साहित्य स्थानिक पोलिसांना दिले जाते. २०१४ मध्ये फर्ग्युसन या लहान शहरात निदर्शकांसमोर चिलखती गाड्या आणि नेम धरलेल्या रायफली उभ्या राहिल्या, तेव्हा त्याचा अर्थ जगाला दिसला. पुढे २०१८ मध्ये जोनाथन मुमोलो या अभ्यासकाने दाखवून दिले, की अशी लष्करी धाटणीची पथके कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये अधिक पाठवली जातात, त्यांच्यामुळे गुन्हे घटल्याचा किंवा पोलिसांचे जीव वाचल्याचा पुरावा सापडत नाही, आणि पोलिसांविषयीचे जनमत मात्र खालावते.

मुंबईत मात्र हा प्रश्न शस्त्राच्या आधी नजरेचा आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेने संतापलेल्या जमावावर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे गेली. त्या जवानांकडे कमांडोंची अत्याधुनिक सामग्री नव्हती, नेहमीच्या रायफली होत्या. पण राखीव दल छावणीत राहते, हुकूम आला की गाडीतून उतरते आणि काम संपले की निघून जाते. समोरच्या वस्तीत कोण कोणाचे ऐकते, कोणाला पुढे बोलावले तर जमाव शांत होईल, हे त्याला ठाऊक असण्याचे कारणच नसते. १९९२-९३ च्या दंगलींतल्या नऊशे मृत्यूंपैकी ३५६ पोलिसांच्या गोळीबारातले होते, अशी नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. हा आकडा वाचून प्रत्येक गोळी अनाठायी होती असे मी म्हणणार नाही, पण गोळीखेरीज हाताशी दुसरे काय होते, हे विचारावेच लागते.

दुसरे काय असू शकते, ते भिवंडीने तेव्हाच दाखवले होते. १९८४ ला जे गाव दंगलीत होरपळले, ते १९९२ च्या डिसेंबरात शांत राहिले, कारण मधल्या काळात तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्लावार समित्या बांधल्या होत्या. पोलीस, मौलवी, मंडळाचे कार्यकर्ते, यंत्रमागवाले यांची एकमेकांशी ओळख संकटाआधी झालेली होती. मुंबईतही दंगलींनंतर तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. या कामाचे संचलनासारखे छायाचित्र निघत नाही, म्हणून ते आज कमी दिसते, असा माझा संशय आहे.

आणि यात पोलिसांवर तरी किती बोट ठेवायचे? बारा-बारा तास उभ्याने बंदोबस्त करणाऱ्या हवालदाराने वस्तीतल्या कोणाच्या घरी चहाला कधी जायचे? २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका पोलीस कुटुंबात सणासारखा आनंद झाला होता. एका चिलखती गाडीच्या मंजुरीमागे जेवढी घाई दिसते, तेवढी या पाळ्यांसाठी मनुष्यबळ भरण्यात दिसावी, एवढे तरी मागायला हरकत नसावी. शस्त्रांचे म्हणाल, तर 'फोर्स वन' आपल्या तळावर सज्ज राहो, आणि कोणत्या प्रसंगी कोणते पथक कोणाच्या हुकमाने वस्तीत पाठवले, याची नोंद नागरिकांना पाहता येईल अशी ठेवली जावो. आमच्या चौकीत पुढची शांतता समितीची बैठक नवरात्राआधी होईल. संचलनाचा मार्ग कोण आणि कशावरून ठरवते, हा प्रश्न मी तिथे मांडणार आहे.