‘एजंट कशाला, पाटीवरच्या नंबराला फोन करा’ म्हणे!

परवा रात्री न्यू जर्सीतल्या एडिसनहून धाकट्या भावाचा मेसेज: "ताई, एजंटचे पैसे वाचले. हे वाच." खाली मंडळाच्या ग्रुपवरून फिरत आलेला लांबलचक फॉरवर्ड. भाऊ नव्या नोकरीसाठी टेक्सासमध्ये डॅलसजवळ येतोय आणि ५ लाख डॉलरच्या आसपासचं घर शोधतोय. मी इथे प्लेनोत बारा वर्षं राहते, पण त्याचा विश्वास फॉरवर्डवर. असो.

सुरुवातच अशी: "ऑगस्ट २०२४ च्या नव्या कायद्याने एजंटचे ३ टक्के खरेदीदाराला खिशातून द्यावेच लागतात." मुळात तो कायदा नव्हे. घर विकणाऱ्यांनी कमिशनवरून मिझुरीत भरलेल्या खटल्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये ज्युरीने नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या देशव्यापी संघटनेविरुद्ध निकाल दिला. पुढे मार्च २०२४ मध्ये असोसिएशनने ४१.८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि त्यातले नियम १७ ऑगस्टपासून लागू झाले. खरेदीदाराच्या एजंटला विकणारा किती देणार, हे आता एमएलएसवर, म्हणजे विक्रीच्या घरांच्या एजंटांच्या सामायिक यादीत, टाकता येत नाही. आणि घर दाखवण्याआधी एजंटला तुमच्याशी लेखी करार करावा लागतो, त्यात त्याच्या मोबदल्याचा नेमका आकडा हवा. ३ टक्के कुठेच नाहीत. उलट कमिशन कायद्याने ठरलेलं नसतं, त्यावर घासाघीस करता येते, हे करारात लिहावंच लागतं.

अर्धं खरं आहे, तेवढं नाइलाजाने मान्य करते. सही केलीत की देणं तुमच्या नावावर. ५ लाखांवर अडीच टक्के म्हणजे १२,५०० डॉलर, आणि ते सहसा कर्जात घालता येत नाहीत, क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा होताना, हातात लागतात. पण हे पैसे विकणाऱ्याने द्यावेत अशी मागणी ऑफरमध्येच घालता येते, आणि बरेच विकणारे देतातही. विकणारा २ टक्क्यांवर अडला तर वरचे २,५०० तुमचे. तो ३ द्यायला तयार झाला, तरी करारात अडीच असतील तर एजंटला अडीचच मिळतात.

आता खरा कहर. "एजंट घेऊच नका. घराबाहेरच्या पाटीवर लिस्टिंग एजंटचा (म्हणजे विकणाऱ्याच्या एजंटचा) नंबर असतो, त्यालाच फोन करा. तो दोन्ही बाजू फुकट बघतो आणि वाचलेले ३ टक्के किमतीतून कमी करून देतो."

म्हणजे समोरच्या पार्टीच्या वकिलाकडे आपली केस द्यायची, आणि वर तो फी घेत नाही म्हणून खूश व्हायचं!

टेक्सास रिअल इस्टेट कमिशनचा ‘इन्फर्मेशन अबाउट ब्रोकरेज सर्व्हिसेस’ नावाचा छोटासा फॉर्म आहे. इथल्या ब्रोकरना (एजंट ज्यांच्या हाताखाली काम करतात ते) तो आपल्या वेबसाइटवर ठेवावाच लागतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तेवढा वाचला असता तरी पुरे होतं. मालकाच्या एजंटने व्यवहाराबद्दलची महत्त्वाची माहिती मालकाला सांगायची, आणि त्यात खरेदीदाराने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली माहितीही आली. हा चहाडखोरपणा नव्हे, त्याचं कर्तव्य आहे. दोन्ही बाजू बघायच्या असतील तर ब्रोकरला दोघांची लेखी संमती घेऊन ‘इंटरमीडियरी’ व्हावं लागतं. मग त्याने तटस्थ राहायचं. मालक कमी किमतीला राजी आहे हे त्याला माहीत असलं, तरी मालकाच्या लेखी परवानगीशिवाय ते तुम्हाला सांगायचं नाही. म्हणजे तोच एकटा दोन्हीकडे असेल, तर घासाघीस करायला तुमच्या बाजूला कुणीच नाही.

आणि ते वाचलेले ३ टक्के? मालक आणि त्याचा ब्रोकर यांचं कमिशन त्यांच्या करारात ठरतं. दुसरा एजंट नाही म्हणून उरलेला पैसा तुमच्याकडे यावा असा नियम नाही. तो मालकाकडे राहील, नाहीतर त्याच ब्रोकरच्या खिशात जाईल.

मी भावाला विचारलं, "तू फोन केलास का कुणाला?" केला होता. "काय बोललास?" "काही नाही गं. १ ऑगस्टला जॉइनिंग आहे, पोरीच्या शाळेआधी शिफ्ट व्हायचंय, ५ लाख २० हजारांपर्यंत कर्ज मंजूर आहे, आणि घर आम्हाला फार आवडलंय, एवढंच."

एवढंच!

बाकीचं पटकन. "आपला एडिसनचा एजंट टेक्सासचंही घर बघेल": परवाना राज्यापुरता असतो. तो इथल्या कुणाला तरी तुमचं नाव कळवेल आणि त्याच्या कमिशनातून वाटा (रेफरल फी) घेईल. खुशाल घेऊ दे, पण त्याला मेहरबानी समजू नका. "कंपनीच्या रिलोकेशनवाल्यांचा (बदलीचं सामान-घर बघणाऱ्यांचा) एजंट फुकट": रेफरल फी तिथेही कापली जाते. मात्र कंपनी क्लोजिंगचा खर्च देणार असेल तर त्यांचाच एजंट घ्यायची अट आहे का, हे दुसरीकडे सही करण्याआधी बघा. "कशावरही सही करू नका": ओपन हाउसला, म्हणजे घर सगळ्यांना बघायला खुलं असतं तेव्हा, स्वतःच गेलात तर करार लागत नाही. पण लांबून घर घेणाऱ्याला एजंटने लाइव्ह व्हिडिओवर घर दाखवलं तरी ती टूरच धरतात, करार आधी. तेव्हा सही करा, फक्त सहा महिन्यांची नको. एका घरापुरती किंवा आठवड्यापुरती मागा. "कमिशनातले पैसे एजंट परत देतो": टेक्सास आणि न्यू जर्सीत चालतं, ओरेगन किंवा टेनेसीत नाही. जिथे चालतं तिथेही लेखी घ्या.

आज सकाळी भावाने त्या लिस्टिंग एजंटचा मेसेज मला पुढे पाठवला. मालक किंमत कमी करणार नाहीत, पण १ ऑगस्टच्या आत चावी नक्की देतील.