ओढ्याकाठची झुडपं तोडू नका, हात जोडून सांगतो

महाबळेश्वरजवळ एका परिचितांचं फार्महाउस आहे. मागून ओढा वाहतो. तीन पावसाळ्यांपूर्वी तिथेच टॉर्चच्या उजेडात मी पहिल्यांदा बॉम्बे नाइट फ्रॉग पाहिला. जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचा, ओल्या दगडाच्या रंगाचा, अंगभर सुरकुत्या. शेजारी पाण्यावर झुकलेल्या पानाला अंड्यांचा पुंजका चिकटलेला होता, अगदी शिजलेल्या साबुदाण्यासारखा, प्रत्येक दाण्यात एक ठिपका.

यंदा गेलो तर दोन्ही काठ साफ! झुडपं तोडून दगडी बांधकाम केलंय आणि वर रंगीत दिवे लावलेत. "आता कसं मोकळं वाटतंय, नाही?" काकांनी कौतुकाने विचारलं. मला धड उत्तरही देता येईना. रात्री दोन तास काठावर बसलो, एकही आवाज आला नाही.

नाव मुंबईचं असलं तरी हा बेडूक राहतो सह्याद्रीतल्या झऱ्या-ओढ्यांवर, तोही फक्त आपल्या महाराष्ट्रातल्या. 1955 साली त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअलींवरून त्याला 'हुमायुनी' नाव मिळालं. आज तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे.

त्याचा सगळा संसार त्या झुकलेल्या पानावर चालतो. नर रात्री तिथे बसून साद घालतो. मादीही आवाज काढते, बेडकांमध्ये हे फार कमी दिसतं. बहुतेक बेडकांत नर मादीला घट्ट मिठी मारतो. हा मात्र तिच्या पाठीवर नुसता बसतो, हात पानावर नाहीतर फांदीवर टेकलेले. शुक्राणू तिच्या पाठीवर सोडून तो बाजूला होतो आणि त्यानंतर ती अंडी घालते. दिल्ली विद्यापीठाच्या एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी कोयनेजवळ हुंबरळीला रात्री-रात्री जागून हे टिपलं आणि 2016 मध्ये जगासमोर मांडलं. मीलनाची अशी पद्धत त्याआधी कुणाला ठाऊकच नव्हती. पिल्लं अंड्यातून निघाली की थेट खालच्या पाण्यात पडतात. फांदीच गेली तर ती अंडी घालायची कुठे?

आपण पुणेकर घाटावर प्लॉट घेतो आणि पहिलं काम काय करतो, तर जेसीबी बोलावतो. मग हौसेने झाडं लावतो, तीही बंगल्यासमोर! ओढ्याकाठी काही लावायची गरजच नाही हो. दोन्ही बाजूंची चार-पाच पावलं जागा फक्त सोडून द्या, पावसाळ्यात तिथले दिवे बंद ठेवा.

काकांना हे सगळं सांगितलं. दिवे त्यांनी त्याच रात्री बंद केले. दगड काढायचं मात्र अजून मनावर घेत नाहीयेत. दिवाळीनंतर पुन्हा जाऊन बोलणार आहे.