आईच्या मणक्याचं ऑपरेशन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

माझ्या आईचा स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरला, तेव्हा केलेल्या ऑपरेशनवर मी लेख लिहिला होता. त्यावर तुम्ही लिहिलंत, "फुप्फुसाचा कॅन्सर मणक्यात उतरल्यावर माझ्या भावाचं ऑपरेशन केलं. दोन महिन्यांत तो गेला, तेही पलंगावरून न उठता. जाणाऱ्या माणसाला चिरायचं कशाला? तुमचा लेख लोकांना खोटी आशा लावतो." दोन दिवस उत्तर लिहायचा धीर झाला नाही. ऑपरेशन कुणाचं करू नये, हे मी लेखात लिहिलंच नव्हतं. ती चूक माझी.

पण आईचं ऑपरेशन आम्ही आयुष्य वाढावं म्हणून केलं नव्हतं. तिला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात संडासापर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं होतं. तिने डॉक्टरांना एवढंच विचारलं होतं.

२००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पॅचेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. मणक्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूवर कॅन्सरच्या गाठीचा दाब आलेले १०१ रुग्ण होते. काहींना नुसता शेक (म्हणजे रेडिएशन) दिला, काहींचं आधी ऑपरेशन करून मग शेक. उपचारानंतर ऑपरेशनवाल्यांपैकी ८४ टक्के चालू शकत होते, नुसत्या शेकवाल्यांपैकी ५७. चालणं टिकलं ते मध्यक धरून (निम्म्यांचं याहून कमी, निम्म्यांचं जास्त) १२२ दिवस, आणि दुसऱ्या गटात १३. जगण्यातलं अंतर मात्र १२६ आणि १०० दिवस, एवढंच. आयुष्याचा हिशेब मांडलात तर तुमचं म्हणणं बरंचसं खरं ठरतं. मी मात्र त्या १२२ आणि १३ कडे बघते, कारण आईला उचलून नेताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय.

त्या अभ्यासात सरसकट कुणालाही घेतलं नव्हतं, हेही सांगायला हवं. निदान तीन महिने जगेल असा अंदाज हवा, दाब एकाच जागी हवा, आणि पाय पूर्ण जाऊन ४८ तासांहून जास्त वेळ झालेला नको. लिम्फोमा, मायलोमासारख्या रक्ताशी संबंधित कॅन्सरच्या गाठी शेकानेच विरघळतात, म्हणून ते रुग्ण वगळले होते. असा रुग्ण किती जगेल याचा अंदाज बांधणाऱ्या, जपानच्या तोकुहाशींच्या १५ गुणांच्या तक्त्यात (जास्त गुण म्हणजे जास्त आयुष्याचा अंदाज) मूळ कॅन्सर स्तनाचा असेल तर ५ गुण मिळतात, फुप्फुसाचा असेल तर शून्य. फुप्फुसाच्या काही कॅन्सरवर आता नव्या गोळ्या आल्यात, तरी माझी आई आणि तुमचा भाऊ एका मापाने मोजता येत नाहीत. तुमच्या भावाच्या बाबतीत काय ठरायला हवं होतं, ते मी इथे बसून सांगणार नाही.

मला राग आहे तो उशिराचा. "छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं होतंय, आडवं झालं की जास्तच," असं आई तीन आठवडे सांगत होती. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय हे माहीत असूनही एका डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या, आणि आम्ही गरम पाण्याची पिशवी. मांडवीजवळ भाजी घेताना तिचे पाय लटपटले, तेव्हा कुठे एमआरआय झाला. ऑपरेशनच्या दिवशी ती आधाराने का होईना, चालत होती. म्हणूनच पुढे सात महिने काठी घेऊन चालली. जखम मात्र लवकर भरली नाही, त्यामुळे शेक लांबला. तेही मी लेखात लिहिलं नव्हतं.

एक विचारते, राग मानू नका. ऑपरेशनच्या आधी तुमच्या भावाचे पाय जाऊन किती दिवस झाले होते? आणि त्यांना स्वतःला काय हवं होतं, हे कुणी विचारलं होतं का?

लेखात आज दुरुस्ती करतेय. तुमची हरकत नसेल तर तुमची प्रतिक्रिया लेखाच्या अगदी वर लावते. कळवा.