माळकरी सरांचा परवाना

बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं मी एका परमिट रूमचे हिशेब लिहिले. गाव सांगत नाही, मालक अजून रस्त्यात भेटला की चहा पाजतो. रात्री शटर अर्धं खाली आलं की दारू पिण्याच्या एक दिवसाच्या परवान्यांचं बुक उघडायचं आणि नावं भरत बसायचं. विदेशीचा परवाना ५ रुपयांचा, देशीचा २. गिऱ्हाईक मागत नाही, वेटर देत नाही, पण माल गेलाय म्हटल्यावर पिणारे कागदावर दिसायला हवेत ना! मग मी शाळेचा हजेरीपट आठवायचो. दत्तू, रमेश, बाळू... आमचे गणिताचे सर तर आठवड्यातून तीनदा प्यायचे. बिचारे माळकरी.

महाराष्ट्रातला दारूचा मूळ कायदा १९४९चा, नावातच दारूबंदी. म्हणून आपल्याकडे पिण्यासाठी परवाना लागतो आणि १००० रुपयांत तो आजन्म मिळतो. कारण काय, तर आरोग्य टिकवण्यासाठी! हे सगळे परवाने देणारं खातं राज्य उत्पादन शुल्क, पण आमच्याकडची जुनी माणसं अजून 'दारूबंदीवाले आले' असंच म्हणतात.

या खात्याचे दुय्यम निरीक्षक आले की साठ्याचं रजिस्टर आणि कपाट ब्रँडवार जुळवायचे. एक क्वार्टर कमी भरली तरी मालकाला घाम फुटायचा. माझं नावांचं बुक मात्र नुसतं चाळून परत मिळायचं. बाटली खरी लागते, माणूस कसाही चालतो.

वाईन शॉप आणि देशीच्या दुकानांना १९७०च्या दशकापासून नवे परवाने नाहीत. ऐकायला बरं वाटतं. पण जुना परवाना मरत नाही हो. त्याला भागीदार मिळतो, तो पोराच्या नावावर चढतो, दुसरीकडे स्थलांतरित होतो. सातबाऱ्यासारखा.

आणि बायकांना दुकान नको असेल तर? एक चतुर्थांश महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज, मग उभी बाटली (दुकान राहू दे) की आडवी बाटली (बंद करा) असं मतदान. आडवीला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण! म्हणजे ऊसतोडीला गेलेली, लग्न होऊन गेलेली, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने धरल्यासारख्याच. निकाल झालेल्या मतांवर लावा, इतकं साधं मागणं आहे.

माझी मावशी तिच्या गावात सह्या घेत उन्हातान्हात फिरली होती. मोजणीत आडवी पुढे होती, तरी दुकान राहिलं. त्या यादीत तिची सासूही होती, वारून चार वर्षं झालेली.