एक रुपया आला, पण नाव जुळलं नाही

आमच्या स्वयंपाकघरात भाजणी भाजायला घेतली की तिचा वास जिन्यातून थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. गेली अकरा वर्षं माझी जाहिरात एवढीच. डोंबिवलीत नाकं तिखट असतात. वास पोचला की बेल वाजते. दारात रिकामा डबा, डब्यामागे कुणीतरी काकू. "चकलीची एक किलो दे गं. सुट्टे नाहीत, नंतर देते." मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरात, दुधाच्या हिशेबाशेजारी, 'तिसरा मजला, १ कि.' असं लिहून ठेवते. माझं वहीखातं ते हेच. डिसेंबर संपला की कॅलेंडर रद्दीत जातं आणि त्याच्याबरोबर काही काकूंची उधारीही.

यंदा भाचा म्हणाला, "मामी, तू ऑनलाइन दुकान टाक. मोबाइलवर पैसे, घरपोच माल, उधारी बंद. दहा मिनिटांचं काम आहे."

ती दहा मिनिटं वटपौर्णिमेला सुरू झाली आणि घटस्थापनेला संपली.

सुरुवात फसवी होती. खाण्याचे पदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. माझ्यासारख्या घरगुती कारभाराला वर्षाला शंभर रुपये फी. चौदा आकडी नंबर मिळाला. तो पाकिटावर छापायचा, शेजारी चौकोनातला शाकाहारी हिरवा ठिपका. सासूबाईंनी चष्मा लावून पाकीट पाहिलं आणि म्हणाल्या, "टिकली छान आहे, पण रंग चुकलाय." मला वाटलं, सरकारी काम एवढं सुरळीत झालं तर पुढचं खाजगी कंपनीचं काम म्हणजे पाणीच.

मग भाच्यानं दुकानाची साइट उघडली आणि विचारलं, "मामी, प्रकार कुठला निवडू?" यादी खाली सरकवत गेलो. आटा होता, बेकिंग मिक्स होतं, नाश्त्याचे परदेशी पोहे होते. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, पोहे, धने, जिरे मंद आचेवर वेगवेगळं भाजून, गिरणीवाल्याला "आधी कुणाचं तिखट दळलं नाहीस ना?" असं तीनदा विचारून आणलेल्या पिठाला त्या यादीत जागा नव्हती. शेवटी 'इतर'मध्ये गेलो. नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं आणि भाजणीचं भजनी झालं. पुढे इंदूरहून एका गृहस्थांनी खरोखरच विचारलं, मंडळ किती जणांचं आहे आणि पेटी-तबला तुमचाच असतो का.

फोटोचं तर विचारू नका. चांगली खमंग भाजणी फोटोत बांधकामाच्या वाळूसारखी दिसते. भाच्यानं खिडकीजवळ ठेवून, वर चार धणे टाकून काढला. आता ती धणे सांडलेल्या वाळूसारखी दिसते.

पण हे सगळं किरकोळ. खरा घोळ पैसे घेण्याचा.

दारात लावायच्या यूपीआयच्या क्यूआरची मला सवय होती. भाजीवाल्यापासून गजरेवालीपर्यंत सगळ्यांकडे तो आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय निघालं तेव्हा मला त्याचा पत्ताही नव्हता. नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या आणि गव्हाच्या डब्यात मी लपवलेल्या पाचशेच्या नोटा नवऱ्यासमोर काढाव्या लागल्या, तेव्हा कळलं की मोबाइलमधले पैसे निदान डब्यात सापडत नाहीत. पण साइटवर कार्डानं, यूपीआयनं, सगळ्या मार्गांनी पैसे घ्यायचे तर मध्ये एक पेमेंट गेटवे नावाची कंपनी लागते. ती आधी तुम्ही तुम्हीच आहात का, हे तपासते. पॅन, बँकेचं खातं, रद्द केलेला चेक. मग तुमच्या खात्यात एक रुपया टाकते आणि खात्यावरचं नाव पॅनशी ताडून पाहते.

एक रुपया आला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी मेल आला: नाव जुळत नाही.

आता ऐका. माहेरी मी कुंदा. पॅन काढलं ते लग्नाआधीच्या नोकरीत, म्हणून त्यावर कुंदा, वडलांचं नाव, माहेरचं आडनाव. मग लग्न झालं. नवऱ्याचं नाव मिलिंद, तेव्हा माझंही 'म'वरून असावं अशी आत्याबाईंची हौस. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात 'मृण्मयी' असं लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. लिहिताना 'मृ'चा पाय तांदळात नीट उमटेना, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "राहू दे, कोण बघतंय!" बघणारी कंपनी तीस वर्षांनी येणार होती. बँकेचं खातं मृण्मयीचं, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. थोडक्यात, पॅनवरची बाई आणि बँकेतली बाई यांच्यात एक अक्षरही सामाईक नव्हतं. आधारवर मृण्मयी आहे, पण इंग्रजीत शेवटी एक 'ई' जास्त. मी त्या तिसऱ्या बाईला गप्प बसवलं.

मदत केंद्राच्या चॅटवर लिहिलं, "दोन्ही मीच आहे." उत्तर आलं, "आपली अडचण आम्ही समजतो. कृपया दोन्हींपैकी कोण अर्ज करत आहे ते निवडा." रात्री साडेअकरा वाजता, ओट्यापाशी उभं राहून, मी बराच वेळ त्या प्रश्नाकडे बघत होते. माझ्या आईला विचारलं असतं तर तिनं कुंदा म्हटलं असतं. भाजणी मात्र मृण्मयीची. कुंदाला साधा वरणभात येत नव्हता.

मग लग्नाचा दाखला हवा झाला. आमच्याकडे लग्नपत्रिका होती, अल्बम होता, व्हीसीआरची कॅसेट होती, अख्खा नवरा होता. दाखला नव्हता. नोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. भटजी सुदैवानं हयात, मुलाकडे बदलापूरला. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघून म्हणाले, "मुलीचं ठरलं का?" म्हटलं, "नाही, माझंच आहे." नवरा मागे उभा होता म्हणून बरं. सही केली, दक्षिणा फोनवर घेतली. क्यूआर त्यांच्या पंचांगाच्या मागच्या पानावर चिकटवलेला होता. त्यांचं नाव पहिल्याच झटक्यात जुळलेलं दिसत होतं.

दाखला आला, पॅन बदललं. पुढच्या वटपौर्णिमेला नवरा हाच दे, माझी ना नाही. नाव मात्र एकच राहू दे, एवढं वडाला सांगणार आहे.

तरी गेटवेचं समाधान नाही. म्हणे साइटवर परताव्याचं धोरण हवं. भाच्यानं कुठल्याशा कपड्यांच्या दुकानाचं उचलून टाकलं. त्यामुळे आठवडाभर माझ्या दुकानात असा नियम होता की भाजणी न वापरता, टॅगसह परत करावी आणि माप बसलं नाही तर बदलून मिळेल. मी बसून स्वतः लिहिलं: चकली तेलात विरघळली तर आधी मोहन किती घातलंत ते कळवावे. कंपनीनं ते नामंजूर केलं. अखेर 'परतावा पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत' या वाक्यावर तडजोड झाली.

कंपनीचा दर शेकडा दोन रुपये, आणि त्या दोनावर अठरा टक्के जीएसटी. पाचशेच्या ऑर्डरीमागे अकरा रुपये ऐंशी पैसे. उरलेले मिळणार दोन कामकाजाच्या दिवसांनी. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे उधारीच की! फक्त ह्या काकू पगारी आहेत."

कुरिअरवाल्यानं आणखी शिकवलं. तो अर्ध्या अर्ध्या किलोचा टप्पा धरतो. माझं अर्ध्या किलोचं पाकीट खोक्यासकट भरतं पाचशे साठ ग्रॅम, की लागला किलोचा भाव. म्हणून पाकीट चारशे ग्रॅमचं केलं. आता प्रत्येक बाई विचारते, शंभर ग्रॅम कुठे गेली. खोक्यात गेली, हे कुणाला पटत नाही.

दुकान उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी फोन आला. मोठ्या कॅन्टीनचे साहेब, चाळीस किलो भाजणी हवी. माझ्या डोळ्यांपुढे गिरणीतली रांगच उभी राहिली. साहेब हिंदीत म्हणाले, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. आता अकरा वर्षं दारात धंदा केलेल्या बाईला एवढं कळतं की पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. मी विचारलं, "थालीपिठाची की चकलीची?" ते म्हणाले, "दोनों मिक्स." फोन ठेवला. चोर असला तरी निदान अभ्यास करून यावं.

दारातल्या गिऱ्हाइकांसाठी मी तो बोलणारा डबाही घेतला. फ्रीजवर ठेवलाय. त्यात स्वतःचं सिम असतं, महिन्याला भाडं असतं आणि आवाज एसटी स्टँडचा असतो. कुणी पैसे भरले की खणखणीत मराठीत रक्कम सांगतो. सासूबाईंना कमी ऐकू येतं, पण ह्याचं सगळं ऐकू येतं. त्या आतून "बरं!" म्हणून उत्तर देतात. समोरच्या घरालाही आता माझी मिळकत रुपयांत ठाऊक आहे.

आणि घटस्थापनेच्या सकाळी फोन टिंग झाला. पहिली ऑनलाइन ऑर्डर! चकलीची भाजणी दोन पाकिटं, कुरिअरचे सत्तर रुपये धरून पूर्ण पैसे जमा. मी आणि भाचा पत्ता वाचायला लागलो. मनात पुणे, नाशिक, गेला बाजार बंगळूर. इमारतीचं नाव ओळखीचं वाटलं. मजला तिसरा.

पत्ता वाचून होतोय तोच बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, हातात रिकामा डबा.

"अगं मृण्मयी, नातवानं शिकवलं मला आज. बटण दाबलं न् गेले बघ पैसे! पण म्हटलं कुरिअर कशाला, दोन जिने तर उतरायचे. मीच नेते. ते सत्तर रुपये तेवढे परत दे."

मी भाच्याकडे पाहिलं. त्यानं हळूच मान खाली घातली. मी घसा साफ केला.

"काकू, पाच ते सात कामकाजाचे दिवस लागतील."

काकूंनी मला नखशिखांत न्याहाळलं. मग डबा पुढे केला. "बरं बाई. मग थालीपिठाचीही अर्धा किलो घाल ह्यात. सुट्टे नाहीत गं, नंतर देते."

फ्रीजवरचा डबा गप्प होता. मी कॅलेंडरापाशी गेले आणि पेन शोधायला लागले.