चार महिन्यांच्या चिखलाबद्दल

दादा,

वावरातल्या पावसाळी डबक्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "चार महिन्यांच्या चिखलाला पाणथळ म्हणणं हे शहरात बसणाऱ्यांचे चोचले. मुरूम टाकला तर कापसाची चार तासं (ओळी) वाढतील. ते नुकसान तुम्ही भरून देणार का? आणि डासांचं काय?" शिवाय तालीमखाना या वनस्पतीच्या फोटोखाली गोरखमुंडी हे दुसऱ्याच झाडाचं नाव छापल्याचं दाखवलंत. ती चूक माझीच, मान्य.

पण 'चोचले'? मी गिरणा नदीकाठच्या काळ्या वावरात वाढलो. आमच्या सखल कोपऱ्यात आषाढापासून पाणी धरायचं, आजी तिथूनच नाळीची भाजी खुडून आणायची. मी दहावीत असताना वडिलांनी तो कोपरा मुरमाने भरून घेतला. ट्रॅक्टरच्या खेपा मीच वहीत मांडत होतो. तेव्हा शेतकऱ्याचा हिशेब मला शिकवू नका. खुडायला त्या कोपऱ्यात पुन्हा काही उगवलं नाही.

आता तुमचे 'चार महिने'. पाणथळ जागांसाठीच्या 1971 च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या व्याख्येत पाणथळ जागा कायमची असो वा तात्पुरती, दोन्ही धरल्या आहेत. पण कागद बाजूला ठेवू. ही जागा दरवर्षी वाळते म्हणून तर तिथला झाडोरा वेगळा. बारमाही पाण्यातल्या दांडग्या वनस्पतींना तिथे कायमचं बस्तान बसवता येत नाही, म्हणून लहानसहान लव्हाळ्यांना आणि बुटक्या फुलझाडांना जागा मिळते. पाणी आटेपर्यंत त्यांचं बी तयार होतं आणि उन्हाळाभर मातीत पडून राहतं. मार्सिलिया नावाचं, पानाचे चार भाग असलेलं नेचं घ्या. त्याच्या बीजाणूंच्या कडक कुप्या कोरड्यात कित्येक दशकं जिवंत राहतात. डार्विनने एका तळ्याकाठचा थोडा चिखल सहा महिने झाकून ठेवला होता. वाळल्यावर तो भरला जेमतेम पावणेसात औंस, म्हणजे 190 ग्रॅमच्या आसपास. त्यातून 537 रोपं उगवली! तुमच्या त्या चिखलात अशी कणगी भरलेली असते, दादा. मुरमाखाली ती गाडली की वर उजेड नाही, ओल धरणारा खळगा नाही.

डासांसाठी आधी गावातली उघडी गटारं बघा. भरपाईचा प्रश्न सरकारी धोरणाचा आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

आणि पुढच्या वेळी लेख पूर्ण वाचून लिहा. आमच्या वावराचा उल्लेख त्यात तिसऱ्याच परिच्छेदात आहे. फोटोखालचं नाव आज रात्री बदलतो.